चिठ्ठीतला पाटील

बाई, माझा बंगला मला खरा केवढ्याला पडला ते तुम्हाला सांगतो. सिमेंट-सळी सोडा, ती कुणालाही पडते. बायकोच्या पाटल्या गेल्या. वडिलांनी मार्केट यार्डात गुळाचे रवे, त्या जड ढेपा, पाठीवर वाहून वाहून घेतलेला जमिनीचा तुकडा गेला, आणि त्या तुकड्यापायी धाकट्या भावाचं बोलणं गेलं, ते अजून परत आलेलं नाही. एवढं घालून वास्तुशांत केली, आणि वर्गातल्या सगळ्या पोरांत बाई आल्या त्या माझ्याच वास्तुशांतीला, असं मी आजही फरशीच्या दुकानात गिऱ्हाइकांना सांगतो. गिऱ्हाइकाला त्याचं काय. मला सांगायला बरं वाटतं.

सातवीचं वर्ष, नव्वदच्या आसपासचं. दिवाळीची सुट्टी संपली तशी तुम्ही फर्मान काढलंत, दारातले किल्ले मोडा आणि ती माती पोत्यात भरून शाळेत आणा. “किल्ले झाले, आता किल्ल्याखाली राबणाऱ्यांची घरं करा,” म्हणालात. धडा जुन्या गावाचा होता: कुणाचं घर कुठं, कोण काय काम करायचं, कुणाला मान आणि कुणाला नाही. तुम्ही चिठ्ठ्या केल्यात. मला पाटील निघाला. पत्र्याच्या खोलीत राहणारा हमालाचा पोरगा मी, मिशी नसताना मिशीवर ताव दिला आणि विहिरीजवळची जागा धरली. त्याला, माझ्या बाकावरच्या पोराला, गावाबाहेरचं घर निघालं. बौद्ध घरातला तो, वडील एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर, घराला स्लॅब. त्यानं चिठ्ठी वाचली आणि सावकाश तुमच्या टेबलावर आणून ठेवली.

“बाई, ही चिठ्ठी आमच्या आज्ज्यानं भोगली. मला दुसरी द्या.”

तुम्ही म्हणालात, “दुसरी नाही रे. पण घर कुठं बांधायचं ते तू सांग.”

तो सरळ विहिरीशी आला. मी म्हटलं, “हितं माझं अंगण हाय.”

“मग सरकव की.”

मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही पदरानं चष्मा पुसत होतात. “चिठ्ठीत निघालायस, पाटील. सरकव.”

उचलताना माझी भिंत फुटली, पोरं खिदळली. त्याचं मला काही नाही. पण तुम्ही बांगड्या वर सारून त्याच्या शेजारी उकिडव्या बसलात, आणि त्याच्या भिंती स्वतःच्या हातानं थापल्यात. माझ्या फुटक्या भिंतीकडं वळूनही बघितलं नाहीत. तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय, बाई. पुढं मला तुम्ही कायम पाटील म्हणायचात. त्याला मात्र नावानं हाक.

तो गारगोटीला शिक्षक झाला. मी म्हटलं, होऊ दे, पगार तो केवढा. वास्तुशांतीला तुम्ही आलात, ग्रॅनाइटवरून पाय जपत चाललात, “घसरायला होत नाही का रे?” एवढंच विचारलंत. मी आग्रहानं जिलेबी वाढतोय आणि तुम्ही पानावर बसून सांगताय की तोही आता मुलांकडून मातीचं गाव करून घेतो, आणि त्याच्या वर्गातली मुलं तर चिठ्ठ्याच फाडून टाकतात. सांगताना तुमचं तोंड काय फुललं होतं. जिलेबी पानात तशीच राहिली.

मग तुमच्या पायाचं हाड मोडलं. तुम्हाला मूलबाळ नव्हतं. माझ्या बंगल्यात दोन खोल्या नुसत्या गाद्या ठेवायला होत्या, आणि तुम्ही गेलात त्याच्या भाड्याच्या दोन खोल्यांत. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून खरं लिहितो. मी एकदा मोसंबी घेऊन तिथं आलो होतो. दार ओढून घेतलेलं, आतून तुमचा आवाज, त्याच्या बायकोवर चढलेला.

“अगं किती वेळा सांगू, पिठल्यात गोळे होऊ देऊ नकोस. तुझ्या नवऱ्याला चालत असतील, मला नाही चालत.”

तो हसत होता. “मग ताट काढून घेऊ का, बाई?”

“घेऊन तर बघ.”

मी पिशवी कडीला अडकवली आणि जिना उतरलो. घरच्या माणसावर माणूस कसं खेकसतं ते माझ्या कानाला बरोबर कळतं. माझ्याकडं तुम्ही एकदाच जेवलात, आणि तेव्हा पाणी मागतानासुद्धा म्हणाला होतात, “त्रास नसेल तर.”