नऊ नंबरचा प्लॉट

१ डिसेंबर १९८५

प्रिय चंद्रकलाताई,

सप्रेम जयभीम.

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. दोन्हीत खुशालीच्या दोन ओळी आणि बाकी सगळा नऊ नंबरचा प्लॉट. उत्तराला उशीर झाला म्हणून तू किती चिडली असशील, ते मला इथं बसून दिसतंय. तुझी भावजय इंदू म्हणाली, "आधी प्लॉटचं लिहा, मंग बाकीचं. ताई मधातलं वाचतच नाही." पण या वेळी तुला मधलंही वाचावं लागेल. मी जे पाहिलंय ते पहिल्यापासून सांगितलं तरच कळेल, आणि खरं सांगायचं तर अजून माझ्याही अंगातून ते गेलेलं नाही.

मे महिन्यात तू आलीस तेव्हा आपण तळ्याच्या वरच्या अंगाला बरडावर गेलो होतो. भगवंतरावांनी तो बरड प्लॉट पाडून विकायला काढला होता आणि नक्शा काढायचं काम माझ्याकडं आलं होतं. पांढुर्ण्याला तीन वर्षं सर्व्हेअरच्या हाताखाली पेन्सिली तासल्या, त्याचं चीज झालं म्हणून मी ताठ मानेनं फिरत होतो. भगवंतराव संत्र्याच्या बागांचे मालक. पण त्यांनी पहिली छत्तीस नावं आपल्या वस्तीतली घेतली, हे त्यांचं मोठेपण मी आजही मानतो. तू रणरणत्या उन्हात नक्शावर बोट ठेवलंस आणि म्हणालीस, "हा नऊ नंबर माहा." तिथून अख्खं तळं दिसतं.

तुला उंचावर घर का हवं, ते मला कोणी सांगायला नको. ज्या पावसाळ्यात आपल्या घरात गुडघाभर पाणी शिरलं, आजारी आईची बाज तू विटांवर चढवलीस आणि दोन दिवस तिच्या उशाशी पाण्यात उभी राहिलीस, तेव्हा मी सात वर्षांचा होतो. आई त्याच आठवड्यात गेली. वस्ती आहे तिथंच राहिली आणि पाणी दर वर्षी येत राहिलं. तू लग्न होऊन नागपूरला भाड्याच्या खोलीत गेलीस, तरी आपल्या गावात उंचावर एक घर बांधायचंच, हे तुझं ठरलेलं. मी नक्शात नऊ नंबरवर तुझं घर पेन्सिलीनं काढूनही ठेवलं होतं. चूल पूर्वेला, खिडकी तळ्याकडं.

आता निळेची गोष्ट. दसऱ्याला दीक्षाभूमीवर यायचं म्हणून बायकांनी पांढरी लुगडी धुवायला काढली. तळ्याचं पाणी अख्खं गाव पितं, त्यात कपडा बुचकळायचा नाही हा आपल्या वस्तीचा नियम कुठं लिहिलेला नाही, पण कोणी मोडत नाही. म्हणून मनकर्णाआत्या सगळ्यांना घेऊन बरडावरच्या जुन्या खदानीवर गेली. दिवाळीपर्यंत तिथं पावसाचं पाणी साचलेलं असतं. तू नागपूरहून पाठवलेला निळेचा डबा त्यांनी गावच्या पुडीच्या हिशेबानं सढळ हातानं वापरला. तो इतका कडक आहे हे कोणाला ठाऊक! लुगडी निळीशार झाली. दुसरी होती कोणाकडं? सगळ्या तशाच छोट्या गाडीत बसल्या, आणि तू स्टेशनवर त्यांना पाहून पोट धरधरून हसलीस. पण एक गोष्ट तुला कोणी सांगितली नसेल. आत्यानं रागाच्या भरात उरलेली सगळी नीळ, घमेल्यातल्या पाण्यासकट, खदानीच्या कडेला दगडाच्या भेगेत ओतून दिली होती.

नागपूरहून परतलो त्या दिवशी सकाळी आत्या पाण्याला गेली आणि रिकामी घागर घेऊन धावत आली. मी गेलो. आपल्या घाटावरचा झिरा तुला माहीत आहे, तळ्याच्या काठी दगडातून पाणी पाझरून जी लहानशी कुंडी भरते ती. ताई, ती कुंडी निळी होती. फिकी, पण निळी. तळाचा एकेक खडा दिसत होता आणि त्यावरून निळी रेघ हळूहळू तळ्यात उतरत होती. काठावर सगळी वस्ती उभी. शकुबाईनं हात जोडले. म्हातारे हिरामणबाबा मात्र कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हात खाली करा. चमत्कार-गिमत्कार काही नाही. वरून टाकलं ते खाली आलं. पाणी तिकडूनच येऊन राहिलं, अन् आपल्याले आज दिसलं."

मी कुंडीशी बसून वर बरडाकडं पाहिलं. बरड म्हणजे कुसळाशिवाय काही न उगवणारी जमीन. पटवाऱ्याच्या कागदात 'पडीत'. जमिनीची किंमत पिकावरून करायची, ही आपल्याकडची रीत. त्यामुळे घरं बांधायला याहून चांगली जागा नाही असं सगळ्यांनाच वाटलं, आणि नक्शा काढणाऱ्या मलाही. तळं नाल्यानं भरतं असं आपण समजत होतो. नाला तर दिवाळीतच आटतो, मग वैशाखात तळ्यात पाणी कुठून राहतं, हे कधी विचारलंच नाही. गावानं मोठ्या घाटावरून हाकलून आपल्या आज्या-पणज्यांना त्या कोपऱ्यात पाणी भरायला लावलं, आणि उन्हाळ्यात मोठ्या घाटावर गाळ उरला की आपल्याच कोपऱ्यात थंड पाणी असायचं. आजी म्हणायची, आपलं पाणी जितं आहे. ती काय म्हणत होती ते मला त्या दिवशी कळलं. दुपारी मी एकटा बरडावर गेलो, भेगेशी पालथा पडलो आणि कान लावला. खूप खोलवर पाणी वाहत होतं. ताई, मला रडू आलं. एवढं मोठं काम पायाखाली चाललेलं, किती पिढ्यांपासून कोण जाणे, आणि आपण वरून चपला घालून हिंडत होतो.

आणि त्याच बरडावर मी छत्तीस घरांचे छत्तीस संडासाचे खड्डे आखले होते.

भगवंतरावांना सांगायला गेलो. ते चिडलेच. "एका निळेच्या डब्यानं माही जमीन बुडवतं का?" म्हणाले, "मी सोता टाकतो, मी सोता पाह्यतो." म्हणून मी तुझ्याकडून आणखी दोन डबे मागवले, आणि तू डब्यांसोबतच्या चिठ्ठीत लिहिलंस की लाँड्री टाकतोस की काय! त्यांनी स्वतःच्या हातानं एक डबा भेगेत ओतला. चौथ्या दिवशी सकाळी ते आपल्या घाटावर आले. साठ वर्षांत त्या घाटावर त्यांचं हे पहिलंच येणं. कुंडी निळी झालेली पाहून त्यांनी टोपी काढली. मग बरडावर गेले आणि कुंपणाशी चपला काढून अनवाणी आत शिरले. "पन्नास वर्षं याले शिव्या देऊन राहिलो रे, सुधाकर," एवढंच म्हणाले. दुसरा डबा आम्ही उतरणीच्या पलीकडं, सौंसर रस्त्याच्या अंगाला टाकला. आठ दिवस झिऱ्यावर पाळी लावून बसलो. कुंडी स्वच्छ राहिली. नीळ रस्त्याकडच्या नाल्यात निघाली, आणि त्या नाल्याचं पाणी कोणी पीत नाही. म्हणजे तिकडं घरं चालतील. बरड मोकळा ठेवायचं भगवंतरावांनी कबूल केलं आणि घरांच्या परवानगीचा तहसिलीतला अर्ज फक्त पलीकडच्या जागेपुरता बदलून दिला.

मी नवा नक्शा काढला. कितीही गिरवलं तरी पलीकडं बावीसच प्लॉट बसतात. नावं छत्तीस. चौदा जणांना आणखी काही वर्षं त्याच खालच्या वस्तीत, त्याच पाण्यात राहावं लागणार. मागच्या रविवारी विहाराच्या अंगणात सगळे जमले. निळी कुंडी प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिली होती, तरी कोणी मागं सरेना. कसं सरावं? दादाराव म्हणाला, "पाणी वाचलं पायजे, पन माहं घर सोडून." कोणी हसलं नाही. सगळ्यांच्या मनात तेच होतं. थोड्या वेळानं आवाज चढले. एक जण म्हणाला, त्यापेक्षा जुनाच नक्शा राहू द्या, झालं गेलं विसरा. माना डोलायला लागल्या.

तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, चंद्रकलाताईचं पत्र आलंय, तिनं आपला प्लॉट सोडलाय. ताई, असं पत्र तू लिहिलेलं नाहीस. मी सगळ्यांसमोर धडधडीत खोटं बोललो, विहाराच्या अंगणात, तुझ्या नावावर. आईच्या बाजेशी पाण्यात उभी असलेल्या तुला त्यातल्या निम्म्यांनी पाहिलेलं आहे. सगळ्यात आधी मनकर्णाआत्या उठली आणि म्हणाली, "चंद्रीनं सोडला, तं माहाबी सोडला." मग दादाराव. मग एकेक करत तुझं धरून चौदा नावं झाली. हिरामणबाबा डोळे पुसत होते. घरी आल्यावर इंदूनं माझ्याकडं पत्र मागितलं. नाही म्हणालो, तेव्हापासून ती माझ्याशी नीट बोलत नाही, आणि तिचं बरोबरच आहे. बुधवारी वस्तीतली कलाबाई मेडिकलच्या दवाखान्यात डोळे दाखवायला नागपूरला येतेय. वस्तीनं तिच्यासोबत तुझ्यासाठी झिऱ्याच्या पाण्याची कळशी दिलीय, तोंडाला फडकं बांधून. ती तुझ्या दारात येऊन तुझे आभार मानेल. त्याआधी हे तुला माझ्याकडून कळावं, म्हणून आज लिहितोय. तू तिला खरं काय ते सांगितलंस तर मी बाकीच्या तेरा घरी जाऊन माफी मागेन आणि पलीकडच्या बावीसात तुझं नाव पहिलं लिहीन. कोणी अडवणार नाही. आणि कळशी घेतलीस, तर त्याच दिवशी तू ते पत्र लिहिलंस असं मी समजेन. काहीही कर, पण एकदा ये. शिव्या द्यायला ये. मी तुला बरडावर नेईन. जुना नक्शा मी त्या जागेवर नेऊन मोजून पाहिला : आत्यानं नीळ ओतली ती भेग नऊ नंबरमध्येच येते, मी तुझी चूल काढली होती बरोबर तिथं. गाव पितं ते पाणी तुझ्या घरातून निघतं, ताई.

तुझाच, तुला न विचारता तुझं घर देऊन बसलेला,
सुधाकर