सलाईन कुठल्या हाताला

ता. ३ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आ. वि. वि.

तुझा पिक्चर काल बाबांना घेऊन पाहिला. आपल्या आईच्या आजारपणावर काढलायस म्हणून सगळी गल्ली बघून आली, डोळे पुसत आली. माझा रुमाल कोरडाच राहिला. अरे, सलाईन डाव्या हाताला लावलेलं, आणि मुलगा आईचा हात हातात घेतो तोवर ते उजव्या हाताला! तीन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या भुवया कोरलेल्या? पाठीला जखम नाही, चादरीला डाग नाही. पेल्यातलं सरबत तर ती पिईल तसं वाढतच जातं.

आणखी एक चूक. त्या खोलीत मी कुठेच नाही. माझ्या जागी पगारी नर्स आहे, आणि शेवटच्या घटकेला आईच्या उशाशी तू. तू तर सगळं उरकल्यावर दोन दिवसांनी उगवलास, हे विसरलास वाटतं. बाबांना मात्र तुझा फार अभिमान वाटला. त्यांचं विसरणं वाढलंय, बाकी ठीक.

लोभ होता तेवढा तरी राहू दे.
तुझी,
ताई


ता. १५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू पिक्चर बघायला गेली होतीस की तांदूळ निवडायला? सलाईनची चूक कबूल. अर्धा सीन आधी घेतला, अर्धा पुढच्या आठवड्यात. कोणता हात ते टिपून ठेवणारी बाई मधेच दुसऱ्या कामावर गेली.

बाकीच्याला चूक म्हणू नकोस. पलंगाशी मुलगा आणि मुलगी दोघं असली की बघणाऱ्याचं लक्ष फाटतं, म्हणून निर्मात्यांनीच मुलगी काढायला लावली. आणि ती नर्स म्हणजे तूच की गं! तुझ्यासारखीच बाह्या वर सारते, औषध पाजताना तुझ्यासारखीच दटावते.

रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा,
धाकटा


ता. २ जुलै

चि. धाकट्यास,
अनेक आ.

आज थट्टा नाही. शेजारच्यांनी तुझा पिक्चर टीव्हीवर लावून दिला, तेव्हापासून बाबा तो रोज बघतात. आता येईल त्याला सांगतात की माझा मुलगा शेवटपर्यंत आईजवळ होता, त्याच्याच मांडीवर ती गेली. मी म्हटलं, बाबा, तिथे मी होते. तर मी काही चोरून नेतेय अशा नजरेने माझ्याकडे बघत राहिले.

नोकरी सोडून तीन वर्षं मी आईचं हगणंमुतणं काढलं रे. शाबासकी कुणी दिली नाही, मी मागितलीही नाही. बाबांना ठाऊक होतं, तेवढ्यावर माझं भागत होतं. तेही तू घेऊन गेलास.

एक दिवस ये. त्यांच्यासमोर बसून तुझ्या तोंडाने सांग की मी नव्हतो, ताई होती. तुझं ऐकतील. उशीर केलास तर काही उपयोग नाही.

वाट बघते.
ताई


ता. २० जुलै

ती. ताईस,
सा. न.

नव्या पिक्चरचं शूटिंग सुरू आहे, इथून हलता येत नाही. आणि खरं सांगू का, बाबा त्यात सुखात असतील तर कशाला ढवळायचं? अशा माणसांना खोडून काढू नये, असं डॉक्टरही म्हणतात. तू काय केलंस ते मला माहीत आहे, एवढं पुरे नाही का? पुढच्या मुलाखतीत तुझा उल्लेख नक्की करतो.

तब्येतीला जप. लोभ असू दे, ओरडा कमी.
धाकटा


ता. ९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
आ.

तुझंच खरं ठरलं, बाबा सुखात आहेत. मीही चुका काढणं सोडलंय.

आठवडा झाला, ते मला अहोजाहो करतात. घास भरवला की आभार मानतात, अंघोळ घालताना अंग चोरतात. काल त्यांनी विचारलं की बाई, तुमच्या घरी कोण असतं. मी म्हटलं, वडील असतात. तेव्हापासून त्यांच्या जिवाला घोर लागलाय, की मी दिवसभर इथे असते, तर त्या म्हाताऱ्याकडे बघतं कोण.

तुला निरोपही दिलाय त्यांनी. तू ठेवलेली बाई फार चांगली आहे, तिला काढू नकोस.

लोभाचं काय ते तुझं तू बघ.
ताई