कर्ता नसलेलं वाक्य

तरसाली, बडोदे
१२ जानेवारी २००१

चि. सौ. मोहना हिला ताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. चार पानं, त्यातली तीन तुझ्या जाऊबाईंवर. सांगलीत सगळे मजेत असाल असं नेहमीसारखं लिहिणार होते, पण तू मजेत नाहीस हे तूच कळवलं आहेस. इथे उत्तरायणाची धांदल आहे. समोरच्या गच्चीवर सकाळपासून पतंगाच्या दोऱ्याला मांजा लावणं चाललंय. शाळेत आज माझ्या वर्गात नऊ मुलं होती. तशीही मराठी माध्यमाच्या आठवीत आता चौदाच उरली आहेत. सोबत हलवा पाठवते आहे, घरी केलेला. यंदा काटा चांगला आला.

तुझ्या अवनीचं उन्मेषशी ठरत आलेलं लग्न मोडलं, याचं फार वाईट वाटलं असं इथे लिहायला हवं. ते पुढे लिहीन, जमलं तर.

आधी माझं सांगते. जूनमध्ये आपल्या वधूवर मंडळाच्या बळवंतरावांच्या मनात आलं की स्थळांची यादी इंटरनेटवर लावावी, म्हणजे अमेरिकेतल्या बडोदेकरांना घरबसल्या दिसेल. काम माझ्या गळ्यात पडलं. "अहल्याबाई, तुम्हाला घरी कोण आहे? वेळच वेळ." असं म्हणून त्यांनी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातात ठेवलं. नवशिक्यांनी वेब पेज कसं बनवावं, त्याचं. शाळा सुटली की मी ते घेऊन धवलभाईंच्या सायबर कॅफेत बसायची.

खरं सांगू? मला ते पुस्तक आवडलं. सगळं व्याकरणच. उघडलेली खूण बंद करायची, प्रत्येक शब्द आपल्या जागी, एक चिन्ह राहिलं की पूर्ण पान वाकडं. वीस वर्षं मी मुलांना हेच सांगते आणि ती खिडकीबाहेर बघतात. यंत्र ऐकत होतं. धवलभाई म्हणायचे, "अहल्याबेन, तमे तो मास्टर थई गया." त्रेचाळिसाव्या वर्षी कोणी आपलं कौतुक केलं की बरं वाटतं, मोहना. तुला ठाऊक नसेल, तुझं आधीपासून होत आलं आहे.

तिसऱ्या धड्यात एक गंमत होती. टोकदार कंस, उद्गारचिन्ह, दोन आडव्या रेघा अशी एक खूण असते. तिच्या आत काहीही लिहा, पानावर ते दिसत नाही. बनवणाऱ्याने स्वतःसाठी टिपण ठेवायची ती जागा. पुस्तक म्हणतं, सराव म्हणून एक ओळ लिहून पाहा. मी पाहिली. अक्षरं इंग्रजी, ओळ मराठी. "लहानपणी फिट यायच्या. आता बरं आहे. पण सांगितलेलं बरं."

ओळखलीस? तुझीच आहे. तेवीस वर्षांपूर्वी छाणीचे लोक मला पाहायला आले होते, आणि पोह्यांच्या बश्या उचलता उचलता तू मुलाच्या आईला हे म्हणालीस. अकराव्या वर्षापर्यंत मला दोनदा फिट आली होती, ते खोटं नाही. छाणीहून नकार आला. बाबांनी माझ्यासाठी बघणं सोडलं आणि वर्षाच्या आत तुझं लावून दिलं. मी जाब विचारला तेव्हा तू म्हणालीस, "मी नाव कुठे घेतलं?" आईही तेच म्हणाली. खरंच घेतलं नव्हतंस. वाक्याला कर्ताच नव्हता. मराठीत तसं चालतं, मी ते शिकवते.

तर ती ओळ अवनीच्या माहितीखाली राहिली. त्या दिवशी तिचीच माहिती टाइप करत होते, म्हणून. निदान मी स्वतःला तसं सांगत होते.

चौथ्या धड्याच्या पहिल्या पानावर लिहिलं आहे की अशी लपवलेली ओळ कोणालाही वाचता येते. माउसचं उजवं बटण दाबून पानाचा मूळ मजकूर उघडला की झालं. यादी लावण्याआधी मी हा धडा वाचला होता. त्या वाक्याखाली पेन्सिलीची रेघही आहे. पुस्तक घरीच आहे, आलीस तर दाखवीन.

म्हणजे तुझ्या जाऊने उन्मेषच्या घरी काही सांगितलेलं नाही. दिवाळीत तू तिला दारातून परत पाठवलंस ते उगाच.

मंडळाच्या नावावर येणारी ई-मेल मीच उघडते. ऑक्टोबरच्या सुरुवातीला उन्मेषची आली. पान फार नीटस झालंय, कोणी केलं? रकाने कसे जुळवलेत ते बघायला मूळ मजकूर उघडला, तर अवनीच्या नावाखाली एक ओळ दिसली. ती तिच्याबद्दल आहे का? घरच्यांशी बोलण्याआधी विचारतो आहे, खरं काय ते कळवा. चांगला मुलगा होता, मोहना. त्याने चुकीच्या जागी विचारलं एवढंच.

कर्ता कोण, हे मी वर्गात रोज विचारते. या वाक्याचा कर्ता आजवर कोणीही विचारला नव्हता. उत्तर दोन शब्दांचं होतं. नाही, मी. मी ते पाठवलं नाही. आठ दिवसांनी त्याची दुसरी ई-मेल आली, तिलाही नाही. मग त्याच्या वडिलांनी बळवंतरावांना फोन केला की पत्रिका जुळत नाही. फिटांचं तुझ्यापर्यंत त्याच्या मामीकडून आलं, ते नंतर.

मला आनंद झाला. हे असंच लिहिते. अवनीचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि लाज वाटली, पण आनंद काही गेला नाही.

ती ओळ काल काढून टाकली. एक मिनिट लागलं. उन्मेषचं आता नागपूरला ठरलं आहे.

तुला हे सगळं कळवलं नसतं. पण परवा अवनीचीच ई-मेल आली. "मावशी, मला खरंच लहानपणी फिट यायच्या का? आई नाही म्हणते, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाही. फिट हा शब्द निघाला की ती स्वयंपाकघरात निघून जाते. तू खोटं बोलणार नाहीस." तिला एकदाही फिट आलेली नाही, हे तुला माहीत आहे, मलाही आहे. पोरीला मात्र वाटतंय की आई आपल्यापासून आजार लपवते.

मी आजच तिला उत्तर दिलं. एकच ओळ. "फिट कोणाला यायच्या, आणि ते कोणी कोणाला सांगितलं, हे आईला विचार."

हे पत्र पोचेपर्यंत तिने विचारलं असेल. नाही म्हणून भागणार नाही. तिची भीती घालवायची तर माझं नाव घ्यावं लागेल, आणि माझं घेतलंस की पाठोपाठ तुझं येईल. मी काय केलं तेही सांग, मी अडवणार नाही. हे पत्रच तिच्या हातात दे, म्हणजे तुला बोलावं लागणार नाही. पण तू देणार नाहीस.

हलवा तिला दे. लहानपणी आवडायचा. कोणाला, ते या वेळी लिहिते: अवनीला.

सही ताई म्हणून नाही, नावाने करते आहे.

अहल्या