तीन आठवड्यांत एकही नापास नाही

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. (अगदी अक्षरशः. कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलाखाली पालथी पडूनच हे लिहिते आहे. का, ते पुढे येईलच.) तुझा उजवा अंगठा कसा आहे? डॉक्टरांनी महिनाभर संगणकावरची शर्यत खेळू नका म्हटल्यावर तू डाव्या हाताने गाडी पळवायला लागलीस आणि तरी दोघांना मागे टाकलंस, हे आतोबांकडून कळलं. बत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईने निवृत्तीनंतर संगणकापुढे पडीक असावं याचं त्यांना वाईट वाटतं. मला मात्र तुझा भारी अभिमान वाटतो.

माझ्या नोकरीबद्दल तुला कधी सविस्तर लिहिलं नाही. आमच्याकडे खेळांसाठीचे तयार संगणक बनतात. लांबलचक हॉल, एका टोकाला रिकाम्या पेट्या, दुसऱ्या टोकाला मी. मधे सुसाट. (खरं नाव विचारायला तो कुणाजवळ थांबलेलाच नाही.) सुसाट सगळे भाग जोडतो आणि मी तपासते, म्हणजे पडदा जोडायचा, खेळ लावायचा, दोनचार राक्षस जाळायचे आणि ‘तपासले’ अशी चिठ्ठी चिकटवून सही ठोकायची. सुसाटच्या हाताला वेग आहे, बाकी काही नाही. तो पंखा उलटा बसवतो, म्हणजे गरम हवा बाहेर जाण्याऐवजी आत येते. ‘बसवण्यापूर्वी काढा’ असं छापलेलं प्लास्टिक तो तसंच ठेवतो, का तर वस्तू नवी दिसते. एकदा एका पेटीत त्याचा स्क्रूड्रायव्हर राहिला. तो शोधायला त्याने पेटी उघडली, तर आत त्याच्याही आधी हरवलेला मिळाला. पहिल्या महिन्यात मी दहातले नऊ नापास केले. (रक्तातच आहे ते. तूही सख्ख्या भाचीला चाचणीत चार गुण दिले होतेस, विसरले नाहीये मी.)

आणि मग चमत्कार झाला! तीन आठवड्यांपूर्वी सगळे पटापट पास व्हायला लागले. मला वाटलं, माझी बोलणी सुसाटला लागली. मालक इतके खूश झाले की माझा फोटो त्यांनी आग विझवायच्या नळकांड्याशेजारी भिंतीवर लावला, खाली ‘तीन आठवड्यांत एकही नापास नाही’. मी जाता-येता चोरून बघायचे. बरी आले होते फोटोत.

परवा एक संगणक असाच झकास पास झाला. चित्र स्वच्छ, राक्षस चुटकीसरशी खलास. सही ठोकली आणि विजेची वायर काढायला हात घातला, तर वायर माझ्या मांडीवर! लावलेलीच नव्हती. संगणक बिनविजेचा, आणि पडद्यावर राक्षस अजून जळताहेत. मग रांगत पडद्याच्या तारेमागे टेबलाखाली गेले, तर तिथे मालकांनी स्वतःच्या हाताने जोडलेला, नमुन्याचा जुना संगणक शांतपणे घोंघावत बसलेला. पडद्याची दुसरी तार त्यालाच, कीबोर्डही त्यालाच. आता हा तिथे कुणी जोडला? मीच, आत्या. जेवणाच्या सुट्टीत तुला शर्यतीत हरवायचा सराव करायला. (हरवलं नाही ते नाहीच.) काढायचा राहिला. म्हणजे तीन आठवडे मी नव्या संगणकांना नुसत्या तारा लावत होते आणि परीक्षा त्या एकट्याची घेत होते. बिचारा दोनशे बारा वेळा पास झाला, एकदाही कुरकुरला नाही.

मी लगेच मालकांना खरं ते सांगितलं. ते म्हणाले, “एक तरी तक्रार आली का?” नव्हती आली. कशी येणार? तक्रार करायचं बटण त्यांनी मोठ्या हौसेने त्या संगणकातच घातलंय. संगणक चालू करा, कोपऱ्यातलं बटण दाबा, तक्रार नोंदवा. मी म्हटलं, अहो, जो चालूच होत नाही त्याचं काय? तर म्हणतात, “चालू होत नसता तर लोकांनी कळवलं नसतं का?” तासभर आम्ही असे गोल गोल फिरलो. शेवटी मलाच घेरी आली.

पुढच्या आठवड्याच्या शेवटी आणखी साठ पेट्या जायच्या आहेत. सगळ्यांवर माझी सही. पास झालेली पेटी उघडायला इथे सक्त मनाई आहे, म्हणून तीन पेट्या टेबलाखाली ओढून मी गुपचूप उघडल्या. एकीत पंखा उलटा. दुसरीत मेमरी बसवलेलीच नाही. तिसरीत सुसाटचा चष्मा, जो तो पंधरा दिवस शोधतोय. पंधरा दिवस तो काय बघून जोडत होता, ते तूच ताड. मला इतकं हसू आलं की डोकं टेबलावर आपटलं. पण आत्या, लाजही वाटते गं. कुणीतरी हौसेने खोकं उघडणार, काळा पडदा बघणार आणि वर माझं नाव वाचणार.

बाकी सगळं क्षेमकुशल. आतोबांना नमस्कार.

तुझी भाची

ता. क. : माझी सही आहे म्हणून तू घेतलेला संगणक मंगळवारी निघाला. तो चालू होणार नाही, अशी माझी पक्की खात्री आहे. तेव्हा एकच मागणं आहे. कागदावर, हाताने, मालकांना तक्रार लिही, ती साठ खोकी निघायच्या आत. पालकांना लिहायचीस तशी. तुझी चिठ्ठी मिळाली की लोक सहकुटुंब शाळेत हजर व्हायचे. मालक निदान खुर्चीतून तरी उठतील.

आणखी एक : ‘तक्रार विभाग’ असा पत्ता घालू नकोस. तो विभागही मीच आहे. काल मी स्वतःकडे तक्रार केली होती. आपली तक्रार विचाराधीन आहे, असं मीच मला कळवलं.

शेवटचं : चुकून चालू झालाच, तरी तक्रार कर. पण मला वेगळं पत्र पाठव, त्यात नुसतं ‘चालला’ एवढं लिही. ते मालकांना दाखवायचं नाहीये. माझ्या उशाशी ठेवायचंय.