रसायनमुक्त काकवीच्या बाटल्या

११ डिसेंबर
सूनबाईने आज डोकं फिरवलं! गुंडा गुळव्या काहिलीतली काकवी बाटल्यांत भरत होता, तर प्रियदर्शनी म्हणते, "आबा, येवढी गरम काकवी प्लास्टिकात भरू नगा. त्यातलं काय बाय काकवीत उतरतं." माझ्या काकवीत! रंगासाठी कधी चिमूटभर पावडर टाकली नाही मी. लेबलवर ठळक छापलंय — रसायनमुक्त. सगळ्या गुऱ्हाळासमोर ओरडलो, "पंचवीस वर्षं फौजेत काढलीत, मला शिकवू नगंस!" खाली मान घालून घरात गेली.

१२ डिसेंबर
सकाळी नेहमीसारखी तिला बाटलीतली वाटीभर काकवी दिली. पाचवा महिना आहे, अंगात रक्त भरायला हवं. मुकाट्याने घेतली. पटलं म्हणायचं!

१९ डिसेंबर
आज मी स्वतः भरायला बसलो. एक बाटली गरम काकवीने कमरेत वाकली. हुंगली — वास आला. की मनाचे खेळ? गुंड्याला म्हटलं, गार करून भर. "गार झाल्याव ही बाटलीच्या नरड्यातनं उतरंल व्हय, आबा? दिस मावळंल." खरंच आहे. घट्ट होते म्हणून तर गरम भरतो.

२० डिसेंबर
उपकेंद्रात गेलो, बीपी तपासायचं निमित्त करून. फिरदोस नर्सला विचारलं. हसली नाही, बरं झालं. म्हणाली, "गरम घातलं की प्लास्टिकातलं थोडं थोडं उतरतंय, आबा. लगेच काय हुतंय असं न्हाई, घाबरू नगा. पण बाळ पोटात असताना टाळता येतंय ते टाळायचं."
बीपी वाढलेलंच निघालं. उद्यापासून तिची वाटी बंद. पोरीवर किती ओरडलो मी! लाज वाटते.

२४ डिसेंबर
सांगलीहून रुंद तोंडाच्या काचेच्या बरण्या आणल्या. आता काकवी स्टीलच्या पातेल्यात गार करायची, मग डावाने भरायची. गुंडा कुरकुरतोय — "लय येळ खातंय ह्ये." खाऊ दे. उरलेल्या बाटल्यांवरची लेबलं मी बसून खरवडली. नखं दुखतायत.

२५ डिसेंबर
माफी मागायची ठरवून दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. दोन्ही वेळा पाणी मागून परत आलो! सुभेदार म्हणे.

२६ डिसेंबर
शेवटी विचारलं, "मी वरडलो त्या दिवसापासनं तू काकवी मागल्या दारी वतून देत हुतीस न्हवं? खरं सांग, रागावत न्हाई." मनात म्हटलं, सिद्धनाथा, तिला हो म्हणू दे.
"न्हाई आबा. रोज घेतली. तुमी सोता वाटी घिऊन उभं ऱ्हायचा. न्हाई कसं म्हणायचं?"