खांदा, कावळे आणि चोवीस चेंडू

नौपाडा, ठाणे
सोमवार, ता. ७ मार्च १९५५

तीर्थरूप मामांना प्रभाकरचा साष्टांग नमस्कार. (दोन्ही हात पुढे करून घातला आहे, यावरून काय ते ओळखावे.) आपला दमा कसा आहे? मामींचे गुडघे? आमच्याकडे सर्व क्षेम, आणि या वेळी हे नुसते रीत म्हणून लिहिलेले नाही.

गेल्या वर्षी चेंडू टाकताना खांद्यात कट्कन वाजले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते की पुन्हा असे झाले तर गोलंदाजी विसरा. सहा महिने मी वरणभात डाव्या हाताने कालवला (हे आईला कळवू नये). जानेवारीपासून त्यांनी बेताबेताने परवानगी दिली. आधी दिवसाला सहा चेंडू, मग बारा, आता चोवीस, आणि दर तिसऱ्या दिवशी विश्रांती. इथवर ठीक होते. पण मोजायचे काम त्यांनी सुमतीवर सोपवले आणि बोलता बोलता म्हणाले, हात खांद्याच्या वर गेला की मोजायचे. आपली भाचेसून शब्दाला किती पक्की आहे हे आपण जाणताच. तिने वाटीत चोवीस चिंचोके घेतले. हात वर गेला की एक बाहेर.

काल रविवारी सामना होता. सकाळी गच्चीत कुरडया वाळत होत्या, त्यावर कावळ्यांनी धाड घातली. मी खडे मारले, सोळा. (एकही कावळा बाद झाला नाही, टप्पा अजून बसायचा आहे.) मग खाली अंगणातून वरच्या मजल्यावरच्या विश्रामरावांना त्यांची किल्ली फेकून दिली, ती सतरावी. धोतर दांडीवर टाकले ते मोजावे की नाही यावर अर्धा तास वाद झाला. मोजले. मैदानावर माझ्या वाट्याला एकच षटक उरले.

त्या षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर दोन गडी गेले. माझ्या पुढच्या षटकाच्या पहिल्याच चेंडूवर आणखी एक गेला असता तर जन्मातली पहिली हॅटट्रिक झाली असती. पण सीमेवर सुमती रिकामी वाटी पालथी धरून उभी. आमचा कप्तान तिला माझ्याहून जास्त घाबरतो. मी मुकाट्याने कडुनिंबाखालच्या बाकावर जाऊन बसलो. (सामना आम्हीच जिंकला, हे सांगायचे राहिलेच.)

आज सकाळी जाग आली, उजव्या कुशीवर वळून पाहिले. खांदा दुखला नाही. मामा, खरे सांगतो, डोळ्यांत पाणी आले. वर्षभर मी मनातून फार घाबरलो होतो.

आपला,
प्रभाकर

ता. क. १० एप्रिलला तुमच्या कल्याणच्या संघाशी सामना आहे. मामींनी त्याच दुपारी चैत्रातले हळदीकुंकू ठेवावे आणि सुमतीला दिवेलागणीपर्यंत सोडू नये. एवढ्याचसाठी हे पत्र.

ता. क. दुसरा. ति. मामांना सौ. सुमतीचा वाकून नमस्कार. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडेच दिले आहे. हळदीकुंकवाला अवश्य येईन, मामींनी उशिरापर्यंत ठेवून घ्यावे. डॉक्टरांनी खरे तर तीस सांगितले होते, सहा मी मागे ठेवते. यांना कळवू नये. आज सकाळी यांनी आमच्या चार वर्षांच्या मंदाला वर्षानंतर प्रथमच हवेत उडवून झेलले. ती खिदळून "बाबा, अजून" म्हणत होती. ते मात्र मी मोजले नाही.