एक जूनची माणसं

६ जानेवारी २०२५, सोमवार. वडनेर भोलजी

झालं बाई एकदाचं! आज माझा पहिला कोड ‘गावगुणी’वर चढला. गावगुणी म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या हुन्नरी माणसांची वेबसाइट. कोणाले गवंडी पाहिजे, कोणाले सनईवाला, गावाचं नाव टाकलं की माणूस सापडते. कोड सगळ्यांसाठी उघडा. ज्याले येते त्यानं सुधारावा, पगार-बिगार काही नाही. खामगावचे प्रसेनजितदादा, गणिताचे मास्तर, हे सांभाळतात. मोबाइलवर शोधायची चौकट अर्धी कापली जाय, ते मी नीट केलं. दादांनी ‘जय भीम, समता! झकास’ लिहून मदत करणाऱ्यांच्या यादीत माझं नाव टाकलं. मायले दाखवलं तर म्हणे, नाव आलं ते बरं झालं, पण तव्यावर भाकर जळून राह्यली ते कोण पाहील.

९ जानेवारी, गुरुवार

आपल्या गावच्या नोंदी भरल्या. आधी शेजारची सुभद्रामावशी. एकटीच राह्यते, गोधड्या शिवते. मग माही माय, अन्नपूर्णा. बाळंतीण आणि बाळाले न्हाऊ घालावं तर तिनंच. मायले कळलं की मावशीचं नाव तिच्या आधी आहे, तर दुपारभर तोंड फुगवून बसली. नालीच्या पाण्यावरून दोघींचं दोन वर्षांपासून बोलणं बंद आहे. बाबा म्हणे, वेबसाइटवर तरी एकमेकींपासून दूर ठेव यायले, नाही तर तिथंही भांडतीन.

१३ जानेवारी, सोमवार

एकाच माणसाची नोंद कोणी दोनदा करते, कोणी तीनदा. दादांनी मले म्हटलं, असे डुप्लिकेट शोधून एक करणारा कोड लिही. मी दोन दिवसांत लिहिला. नावं लोक कशीही लिहितात, पण जन्मतारीख आधारवरची, पक्की. म्हणून गाव एक आणि जन्मतारीख एक, तर माणूस एक. आधीची नोंद ठेवायची, दुसरीतलं सगळं तिच्यात टाकायचं. बीबी गावची महनूर सगळ्यांचा कोड तपासते. ती म्हणे, जरा थांब, अजून कोणाले पाहू दे. मले कुठचा दम! मीच मागे लागली, तिनं मंजूर केलं. सटासट नोंदी कमी झाल्या. दादा लय खूश.

१५ जानेवारी, बुधवार

माझ्यासारखी मूर्ख मीच. बीबीचे रहेमतुल्लाचाचा सुतार आणि जाकीरचाचा कापूस पिंजणारे, दोघांची नोंद एक झाली. दोघांचीही जन्मतारीख १ जून १९५८. अन् मग डोक्यात उजेड पडला. जुन्या लोकांचा जन्म कोणाच्या ध्यानात होता? शाळेत नाव घालताना गुरुजींनी अख्ख्या वर्गाले एक जून लावून दिला, तोच आधारवर गेला. अर्धं गाव एक जूनचं! हे मले माहीत होतं, तरी कसं सुचलं नाही?

महनूरले माफी लिहिली. तिचं उत्तर आलं की कसली माफी, बीबीत रहेमतुल्लाचाचाच सुतारकाम करतात आणि तेच कापूस पिंजतात, जाकीर नावाचं कोणी नाही. ती त्यांची सख्खी पुतणी आहे. पण नोंदींसाठी मी मागच्या आठवड्यात दोघांशी फोनवर बोलली होती. जाकीरचाचांचा नंबर लावला. उचलला रहेमतुल्लाचाचांनी. हसले मात्र ते जाकीरचाचांसारखे, मधे मधे खोकत.

१६ जानेवारी, गुरुवार

सकाळी उठली तर गॅसपाशी सुभद्रामावशी. बाबा तिच्या हातचा चहा पिऊन राह्यले. मी विचारलं माय कुठं. बाबा हसले, म्हणे समोर कोण आहे मग, झोपेतून उठ आधी. शेजारच्या घराले कुलूप. बाबा म्हणे, ते तर लय वर्षांपासून रिकामंच आहे.

चेहरा मावशीचा आहे. हात मायचे.

दोघींची जन्मतारीख मीच भरली होती. १ जून १९७०.

१७ जानेवारी

सगळं उलटं फिरवायची विनंती पाठवली. नियम असा की एका नोंदीचे दोन माणसं करायचे तर गावातल्या एकानं तरी सांगावं की हे दोघं आहेत. घरोघर फिरली. मायनं न्हाऊ घातलेली लेकरं ज्या घरात आहेत, तिथंही गेली. सगळे सुभद्राचंच नाव घेतात. त्यातल्याच एका घरची, राखीची सासू म्हणे, पोरीले बाहेरचं काही झालं असंन, दाखवा कोणाले.

१८ जानेवारी

दादांनी गोड शब्दांत लिहिलं, पुरावा नाही, विनंती बंद करतो. मग मी मायची नोंद नवीन भरली. अन्नपूर्णा, वडनेर भोलजी, १ जून. बटण दाबलं. ‘ही व्यक्ती आधीच आहे’ असं आलं आणि नोंद सुभद्रामावशीत गेली. सात वेळा भरली, सातही वेळा गेली. माझाच कोड. तो काढायचा हक्क मले नाही.

१९ जानेवारी

तिले विचारलं, तू कोण. म्हणे तुही माय, अजून कोण, अन् कपाळाले हात लावून पाह्यला, ताप आहे का म्हणून. मग केसाले तेल लावून दिलं. मी लावू दिलं. बरं वाटलं — कसं बरं वाटून घेतलं मी — माय, मले माफ कर —

२० जानेवारी

विसराच्या आधी लिहून ठेवते.

माझ्या मायचं नाव अन्नपूर्णा.

माय डावखुरी आहे. नाही — मावशी डावखुरी. मायले वांगं चालत नाही. का मावशीले? माय भांडताना आधी रडते, मग बोलते. हे पक्कं.

मायच्या पायावर विंचू चावल्याचा डाग — आत्ता पाहून आली. तिच्या पायावर आहे. मग बरोबर.

माय हाक मारून राह्यली, जेवाले चल म्हणून.

मायचं नाव सुभद्रा. डावखुरी. वांगं खात नाही. सगळं जुळते, मी उगाच भिऊन राह्यली होती.

वर दुसऱ्या ओळीत हे अन्नपूर्णा काऊन लिहिलं? अक्षर माझंच आहे. कोण ही बाई, अन् हे नाव वाचून मले एवढं रडू —